जेठात सावली दक्षिणेला

आमच्या आबांचं दुकान वर्षातून दोनदा भिंत ओलांडायचं. दुकान म्हणजे एक पायमशीन, एक स्टूल आणि बटणांचा पत्र्याचा डबा. शिंदखेड्यात एका बंद गोदामाची लांबलचक भिंत आहे, पूर्व-पश्चिम पसरलेली. तिच्या उत्तर बाजूला आबा शिवत बसत. तिथे सावली असते, आणि सावलीला भाडं नसतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधराएक दिवस गेले की मात्र त्या जागेवर ऊन यायला लागे. मग मशीनची एक बाजू आबा धरायचे, दुसरी आई, आणि दुकान वळसा घालून भिंतीच्या दक्षिण बाजूला जायचं. तिकडे गावाचा उकिरडा होता. नेमका तोच शाळेच्या युनिफॉर्मचा सीझन. गावातली अर्धी पोरं उकिरड्याशेजारी शिवलेले शर्ट घालून शाळेत जायची. मीही त्यातलीच. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशची देवी, घरोघरी बसली की दुकान परत उत्तरेला.

हे इतकं सवयीचं होतं की यात शिकण्यासारखं काही असेल असं कधी वाटलं नाही. शिकायला मी धुळ्याला, देवपूरच्या कॉलेजात गेले. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि डिग्री घेतलेली तर आजही एकटीच. हे मी मुद्दाम सांगते. ज्यांच्या घरात चार डिग्र्या भिंतीवर टांगलेल्या असतात त्यांना सांगावं लागत नाही, मला लागतं.

सिव्हिलच्या एका पेपरात प्रश्न होता: उत्तर प्रकाश छप्पर म्हणजे काय, आणि काच उत्तरेलाच का? मी लिहिलं, कारण सूर्य उत्तरेला कधीच येत नाही. पूर्ण मार्क मिळाले. पेपर मेअखेरचा होता. त्याच आठवड्यात आबा उकिरड्याकडे शिफ्ट झाले होते.

उत्तर प्रकाश छप्पर ही सोपी गोष्ट आहे. छप्पर सलग न ठेवता करवतीच्या दातांसारखं करायचं. प्रत्येक दाताची एक बाजू पत्र्याची, दुसरी काचेची. काच उत्तरेकडे. त्यामुळे आकाशाचा उजेड आत येतो, ऊन येत नाही. जिथे रंग पारखायचे असतात तिथे असं छप्पर लागतं. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू आणि काळा कपडा वेगळा करून दाखवा, मग त्याची किंमत कळेल.

कॉलेजनंतर धुळ्याच्या एमआयडीसीत, लोखंडी शेड बांधणाऱ्या एका फर्ममध्ये मी लागले. वर्षा-वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर. दुसऱ्या वर्षी पहिलं स्वतंत्र काम मिळालं: जळगावजवळ, जामनेर रोडला, सुगनचंद शेठचं युनिट. चाळीस शिलाई मशीनं, आठ चेकिंग टेबलं, आणि माल कोणता? शाळेचे युनिफॉर्म. चेकिंग म्हणजे बाही, कॉलर, खिसा सगळं एकाच रंगाचं आहे ना, ते डोळ्यांनी पाहणं. एकाच रंगाचे म्हणून आलेले दोन तागे बऱ्याचदा सख्खे नसतात, चुलत असतात. उजेड चांगला नसेल तर ते शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत कळतं.

फर्मकडे अशा छपराचं एक स्टँडर्ड ड्रॉइंग होतं. काच सरळ उभी. मूळ ड्रॉइंग कुठल्याशा जुन्या कापड गिरणीचं, आणि गिरणीने ते विलायतेहून आणवलेलं, असं ऐकलं होतं. नंतर ज्याने त्याने फक्त मापं बदलली. मीही बदलली. खालच्या कोपऱ्यात 'ड्रॉन बाय'च्या चौकटीत सही केली. ड्रॉइंगवर माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मी त्याचा फोटो काढून आईच्या मोबाइलवर पाठवला. 'चेक्ड बाय'मध्ये माझे वरिष्ठ चौधरी सर यांची सही.

दिवाळीनंतर शेड ताब्यात दिली. चाचणी घेतली. भर दुपारी आत दुधासारखा उजेड, उन्हाचा एक ठिपका नाही. शेठ खूश झाले, मला घेवर मिठाईचा डबा दिला. छत्रीची चाचणी दिवाळीत घेतली तर छत्रीही पास होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात शनिवारी सकाळी शेठचा फोन.

"मॅडमजी, तुमचा सूर्य चुकला."

"काय झालं शेठजी?"

"ऊन आलंय. शेडमध्ये. तुम्ही सांगितलं होतं येणार नाही. तर आलंय, आणि दिवसभर राहतंय. शाळा उघडायला दहा दिवस आहेत. या, बघून जा."

मी चौधरी सरांना सांगितलं. त्यांनी चहा पीत पीतच निकाल दिला.

"शेडचं तोंड फिरलंय. ठेकेदाराने उत्तर चुकवली. होकायंत्र घेऊन जा."

"आणि तोंड बरोबर असलं तर?"

"तर शेठने टेबलं हलवली असं रिपोर्टात लिही."

"सर, टेबलं हलवून ऊन कसं येईल?"

"मनीषा, पृथ्वी उन्हाळ्यात सूर्याच्या जवळ जाते. उष्णता वाढतेच. त्याला फर्म काय करणार?"

"ड्रॉइंग आपलं आहे सर. 'चेक्ड बाय'मध्ये तुमची सही आहे."

"मी स्पेलिंग चेक करतो," सर म्हणाले. "आणि एक लक्षात ठेव. तुझं कॉन्ट्रॅक्ट जूनअखेर संपतंय."

ते माझ्या चांगलंच लक्षात होतं. त्या कॉन्ट्रॅक्टच्या जोरावर मी आबांना म्हटलं होतं, की पुढच्या वर्षी तुम्हाला पक्का गाळा घेऊन देते.

दुपारी साइटवर पोहोचले. आत शिरले आणि दारातच थांबले. चेकिंगच्या तीन टेबलांना छत्र्या बांधल्या होत्या. पक्क्या छपराखाली, कारखान्याच्या आत, उघड्या काळ्या छत्र्या. प्रत्येक दाताखाली हातभर रुंद उन्हाचा पट्टा आडवा पडला होता, आणि बायका डोक्यावर टॉवेल घेऊन त्यात बसल्या होत्या. चेकिंगच्या प्रमुख रत्ना अक्का. त्यांनी मला पाहिलं.

"ये बाई, बस. उन्हातच बस, तूच आणलंय ते."

"अक्का, कधीपासून येतंय?"

"सकाळी-संध्याकाळी तर एप्रिलपासूनच येत होतं. म्हटलं जाईल. गेलं नाही, वाढलं. आता अख्खा दिवस मुक्काम." त्यांनी एक शर्ट माझ्यापुढे धरला. "सांग, बाही अन् पाठ एकाच ताग्याची आहे का?"

मी पाहिलं. डोळे दिपले. "एकाच."

"नाही. सावलीत नेऊन बघ. असे साठ शर्ट माझ्या हाताखालून गेले अन् शाळेने परत पाठवले. वीस वर्षांत माझा एक शर्ट परत आला नव्हता."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं.

होकायंत्र काढलं. चार ठिकाणी पाहिलं. उत्तर बरोबर. ठेकेदार बिचारा पहिल्यांदाच निर्दोष निघाला होता. शेठ शेजारी उभे होते. त्यांचा आवाज कधी चढत नाही, पण त्या दिवशी तो जरा जास्तच खाली होता.

"मॅडमजी, आमच्या दादाजींचं घर मारवाडात. उत्तरेच्या ओसरीत भर जेठात दुपारी बायका कैऱ्या कापत बसायच्या. डोक्याशी कधी ऊन आलं नाही. मग इथे काय सूर्य वेगळा आहे?"

मी पुन्हा होकायंत्राकडे पाहिलं.

"सोमवारी सांगा. नाहीतर काचेवर पत्रा ठोकतो अन् ट्यूबा लावतो. मग मला हे करवतीचं छप्पर कशाला पाहिजे होतं, ते जो कोणी विचारेल त्याला मी तुमचा नंबर देईन."

रविवारी मी शिंदखेड्याला गेले. एसटीतून उतरून सवयीने गोदामाच्या उत्तर बाजूला वळले. तिथे आबा नव्हते. भिंत उन्हाने पांढरी झाली होती. दुपारचे साडेतीन. मी वळसा घालून दक्षिणेला गेले. आबा उकिरड्याशेजारी, सावलीत, खाली मान घालून मशीन चालवत होते. मी तिथेच उभी राहिले. भिंत तीच, माणूस तोच. मी लहानपणापासून दरवर्षी हे पाहिलं होतं.

आबांनी मान वर केली. मी आल्याचं पाहून ते आमच्या अहिराणीत म्हणाले, "उनी का? मंग अशी खांबासारखी काय उभी शे?"

"आबा, तुम्ही इकडे का बसता हो या दिवसांत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शिकून पोरगी हातची गेली.

"जेठमा सूर्य उत्तरले ऱ्हास. सावली दखनले पडस. तुले काय नवं शे?"

"पण पुस्तकात लिहिलंय, सूर्य उत्तरेला येतच नाही."

"मंग मी मशीन काय हौस म्हनीसन फिरावत व्हतू का?" आबांनी दोरा तोडला. "तुना पुस्तकवाला कोन गावना शे, ते इचार."

एवढ्या एका वाक्यात सगळं होतं. पुस्तकवाला आमच्या गावचा नव्हता. तो विलायतेचा होता.

सोमवारी चौधरी सरही सोबत आले, कारण शेठने त्यांना थेट फोन केला होता. मी शेडबाहेर मोकळ्या जागेत दहा फुटी पाइप उभा केला. ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, लावून तो अगदी सरळ आहे ना ते पाहिलं. जळगावला खरी दुपार घड्याळाच्या बाराला नाही, साडेबाराच्या जरा आधी होते. तेव्हा पाइपाची सावली पाहिली. जवळजवळ नव्हतीच. जी होती ती तीन इंच, आणि दक्षिणेला.

"म्हणजे सूर्य उत्तरेला आहे," शेठ म्हणाले.

"पाइप वाकडा असेल," चौधरी सर म्हणाले.

शेठने ओळंब्याकडे बोट दाखवलं. सर आत निघाले.

आत लिंबू सरबत आलं. मी एक अख्खं लिंबू मागितलं आणि रत्ना अक्कांकडून एक दाभण. दाभण लिंबातून आरपार घातलं. हे लिंबू म्हणजे पृथ्वी, दाभण म्हणजे तिचा आस. टेबलाच्या मधोमध थर्मास ठेवला, तो सूर्य.

"दाभण उभं नाही, कललेलं आहे," मी म्हटलं. "आणि गंमत अशी, की पृथ्वी सूर्याभोवती फिरते तरी हे टोक एकाच दिशेला राहतं. समजा, कूलरकडे." मी लिंबू थर्मासभोवती फिरवलं, टोक कूलरकडे रोखलेलं. "इथे आलं की वरचा अर्धा भाग सूर्याकडे झुकतो. आपला उन्हाळा. समोरच्या बाजूला गेलं की तोच भाग मागे कलतो. आपला हिवाळा. खालच्या अर्ध्याचं उलटं."

"पण जवळ-लांब..." सर म्हणाले.

"सर, जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते. जवळ असते ती जानेवारीत, आपण भरिताच्या पार्ट्या करतो तेव्हा. फरक अंतराचा नाही, ऊन उभं पडतं की तिरपं, याचा आहे. अन् दिवस किती मोठा, याचा."

रत्ना अक्कांनी लिंबू हातात घेतलं. "यात आपण कुठे?"

मी पेनने लिंबावर एक आडवी रेघ काढली. "हे कर्कवृत्त. उज्जैनच्या जवळून जातं. सूर्य डोक्यावर यायची ही वरची हद्द. जूनमध्ये तो इथपर्यंत चढतो आणि परत फिरतो. शेठजी, तुमचं मारवाड या रेघेच्या वर. तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच राहणार. दादाजींची ओसरी बरोबर होती. विलायत तर आणखी वर. तिथे सूर्य डोक्यावर कधी येतच नाही. म्हणून त्यांच्या छपराची काच उत्तरेला निवांत. आपण रेघेच्या खाली. सूर्य वर जाताना मेअखेरीस आपल्या डोक्यावरून जातो, खाली येताना जुलैच्या मध्यात पुन्हा. मधले पन्नासेक दिवस तो आपल्या उत्तरेला. कन्याकुमारीला तर एप्रिलमध्येच डोक्यावरून जातो. लिंबू एकच, पण प्रत्येक गावाचा उन्हाळा वेगळा."

"मग जूनमध्ये एवढा उत्तरेला असूनही मेपेक्षा कमी का भाजतं?" शेठने विचारलं. चांगला प्रश्न होता.

"ढग येतात म्हणून. तेही याच कलण्याचं काम. जमीन तापते, समुद्रावरून वारं येतं, पाऊस घेऊन. पण यंदा ढग अजून आले नाहीत, आणि तुमच्या शाळा थांबणार नाहीत."

"चूक कोणाची?"

चौधरी सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ड्रॉइंगची. म्हणजे माझी. विलायतेचं छप्पर मी खानदेशात न विचारता उतरवलं. मला विचारायला माणूस होता, तरी विचारलं नाही."

शेठने वर काचेकडे पाहिलं. "उपाय?"

"पक्का उपाय म्हणजे काचेबाहेर पत्र्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या. त्याला महिना लागेल. आजचा उपाय तुमच्याकडेच आहे. मांजरपाट."

मांजरपाट म्हणजे जाडंभरडं पांढरं कापड. खिशाच्या आत लावायला शेठकडे त्याचे तागेच्या तागे पडलेले होते. काचेखाली ते ताणून बांधलं की ऊन अडतं आणि उजेड गाळून खाली येतो.

"मनीषा, आपण स्टीलची फर्म आहोत," चौधरी सर माझ्या कानाशी म्हणाले. "पडदे विकत नाही."

"विकत नाही सर. फुकट सांगतोय."

चाळीस मशीनं असलेल्या ठिकाणी पडदे शिवायला किती वेळ लागतो? जेवणाच्या सुट्टीनंतर बायका बसल्या, चारच्या चहाला उठल्या. मी मापं दिली, कडेला दोरी घालायला दुहेरी पट्टी सांगितली. ती युक्ती आबांची, त्यांच्या पावसाळी ताडपत्रीची. संध्याकाळपर्यंत आमच्या फिटरनी शिडीवर चढून सगळ्या दातांखाली कापड ताणलं. उन्हाचे पट्टे गेले. आत पुन्हा दुधासारखा उजेड.

रत्ना अक्कांनी आपल्या टेबलाची छत्री सोडली, घडी केली. वर पाहिलं. "मांडव झाला. आता नवरदेव आणा." मग परत आलेल्या साठ शर्टांपैकी एक उचलला, बाही आणि पाठ शेजारी धरली, मान हलवली, आणि बाही उसवायला घेतली.

ते साठही शर्ट दुरुस्त होऊन शाळा उघडायच्या आदल्या दिवशी गेले. त्यातला एकही परत आला नाही.

रिपोर्ट मी लिहिला: शेडची दिशा बरोबर. टेबलं हलवलेली नाहीत. दोष ड्रॉइंगचा. खाली सही. चौधरी सरांनी वाचला आणि म्हणाले, "हे शेवटचं वाक्य काढ." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. शेठ होते. सरांनी ऐकून घेतलं, दोनदा "हो हो" म्हणाले, आणि शेवटी म्हणाले, "मी तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं शेठजी, आधी सूर्य तपास." फोन ठेवला. रिपोर्ट तसाच फाइलला लावला. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पुढच्या वर्षी नोकरी पक्की झाली. पत्र्याच्या पट्ट्या त्याच पावसाळ्यात बसल्या. मांजरपाट उतरलं आणि खिशांत गेलं.

आता मी कुठलीही चाचणी एका ऋतूत घेऊन मोकळी होत नाही. नवीन साइटवर गेले की आधी तिथल्या रस्त्यावर बसून काम करणारा माणूस शोधते. चांभार, शिंपी, सायकलवाला, कोणीही. जेठात कुठे बसतोस, पौषात कुठे, एवढंच विचारते. मग सॉफ्टवेअर उघडते. बहुतेक वेळा दोघांचं जुळतं. सॉफ्टवेअरला फक्त गावाचं नाव आधी सांगावं लागतं.

आमच्या फर्मच्या त्या स्टँडर्ड ड्रॉइंगवर आता टीप क्रमांक सात आहे: 'कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील जागेसाठी काचेबाहेर पट्ट्या आवश्यक.' खाली 'ड्रॉन बाय'मध्ये माझं नाव. 'चेक्ड बाय'मध्येही आता माझंच.

आबांना शिंदखेड्यात बाजारपेठेत गाळा घेऊन दिला. वर स्लॅब, समोर शटर, आत पंखा. त्यांचं मशीन आता बाराही महिने एकाच जागी असतं.